वाऱ्याची घंटा

कातळवाडी, ता. मुळशी
२ मार्च २००३

ती. विठ्ठलदादा,
सा. न.

पत्रास कारण की, माझ्या कुकरची शिट्टी जप्त झाली आहे.

हसू नकोस. मंगळवारी सकाळी आमच्या केंद्राचे प्रमुख मनीषसाहेब माझ्या खोलीत आले आणि गॅसवरच्या कुकरकडे असे बघायला लागले, की जणू आत शत्रूची पाणबुडीच शिजते आहे. शिट्टीचा आवाज जमिनीतून तलावात उतरतो, असा त्यांना संशय. त्यांनी ती रुमालात गुंडाळून नेली. भांडार माझ्याच ताब्यात, त्यामुळे जप्तीची नोंदही मलाच करावी लागली. तेव्हापासून उघड्या पातेल्यात तुरीची डाळ आणि मी एकमेकींकडे बघत बसतो. दोघींपैकी आधी कोण मऊ पडतं ते कळवीनच.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि इथे फोनला रेंज नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. उरवड्याच्या कारखान्यातून माझी बदली या धरणाच्या काठावर झाली हे मागे लिहिलंच होतं. पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं आमची कंपनी बनवते. हायड्रोफोन म्हणतात त्यांना, म्हणजे पाण्यात सोडायचे कान. तलावाच्या मधोमध एक मोठा तराफा साखळ्यांनी तळाशी बांधून ठेवलाय. त्याच्या पोटाखाली हे कान लोंबतात आणि तराफ्यावरच्या खोलीत जुईली नावाची जालन्याची मुलगी दिवसभर हेडफोन लावून बसते. पोरगी गुणी आहे. पोहता येत नाही. माझ्या शेजारच्याच खोलीत राहते आणि माझी अर्धकच्ची डाळ तक्रार न करता खाते, यावरून स्वभाव समज.

मे महिन्यात खरेदीदारांकडून परीक्षण आहे. तोवर या कानांना पूर्ण शांतता ऐकू आली पाहिजे. आणि दादा, महिनाभरापासून पाण्यात ठकठक येते आहे. जुईलीने मलाही ऐकवली. खोलवर कुणीतरी बंद दार वाजवतंय, घाई नसल्यासारखं. ऐकून हेडफोन काढला तरी मानेवर काटा राहिला.

मनीषसाहेबांनी संशयितांची यादी केलीय. पहिली माझी शिट्टी. दुसरी वाडीची घंटा. धरण झालं तेव्हा बुडणाऱ्या गावाच्या देवळातून ही घंटा वर काढली म्हणे. ती देवळात नाही, होड्या लागतात तिथे लोखंडी चौकटीला टांगलीय. दुपारच्या वाऱ्याने हलते आणि किणकिणते. जुईली म्हणाली, सर, हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरतच नाही. सर म्हणाले, धोका कशाला घ्यायचा.

वाडीला सांगायचं काम अर्थातच माझं. लिलाबाई म्हणून एक आहे, तिचा नवरा कोंडीबा तलावात मासे धरतो. ती म्हणाली, "ती देवाची न्हाई बाई, वाऱ्याची हाय. वारं उठलं की आमी तीन टोलं देतो, थांबून परत तीन. होड्या काठाला येत्यात." मी तिला म्हटलं, कंपनी तुम्हाला भोंगा देईल, घंटेपेक्षा लांब ऐकू जाईल. मग कोंडीबाने चौकटीवर चढून घंटेतला लोलक सोडवला आणि माझ्या हातात ठेवला. नारळाएवढा जड आहे. पंधरा दिवसांत आणून देते म्हणून मी सांगितलं. तो आता भांडारात शिट्टीशेजारी पडलाय.

तू आयुष्यभर बंदर खात्यात इंजिनिअर होतास. ही ठकठक कसली असेल?

तुझी,
नलिनी

❖

रेवदंडा
१२ मार्च २००३

चि. नलिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुरीची डाळ रात्रभर भिजत घाल. सोडा घालू नकोस, तुला आम्लपित्त आहे.

तुमचे मनीषसाहेब हुशार दिसत नाहीत, पण घंटा बंद केली ते उत्तम केलं. माझ्या घरामागच्या देवळात सकाळ-संध्याकाळ ज्या घंटा बडवतात, त्यांतला प्रत्येक लोलक मी कुणी परवानगी दिली तर समुद्रात फेकीन. निम्मा बहिरा बंदरात झालो, उरलेला या भक्तांनी केला.

ठकठकीचं म्हणशील तर काळजीचं कारण नाही. तुमचं धरण जुनं. तळाशी गावं, शेतं, झाडं बुडाली. ती कुजून चिखलात वायू साठतो आणि बुडबुडे सुटतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दाब कमी होऊन जास्त सुटतात. खाडीत मी हे अनेकदा पाहिलंय. तुझ्या साहेबांना माझं नाव सांगून हे कळव. फी नको, एखादं प्रशस्तिपत्र चालेल.

त्या मुलीला म्हणावं, पोहायला शीक.

तुझा,
विठ्ठलदादा

❖

कातळवाडी
६ एप्रिल २००३

ती. दादा,
सा. न.

तुझे बुडबुडे मी मनीषसाहेबांपुढे ठेवले. जुईली म्हणाली, बुडबुड्याचा आवाज वेगळा, तो गुळगुळ येतो, ही ठोकल्यासारखी आहे. तेव्हा प्रशस्तिपत्र बारगळलं.

मधल्या काळात यादी पुढे सरकली. वाडीतली पिठाची चक्की बंद झाली, कारण तिचं इंजिन डिझेलचं. बायका कोळवणच्या चक्कीवर डोक्यावरून दळण नेतात आणि जाताना आमच्या फाटकाकडे बघून जे बोलतात ते मी लिहू शकत नाही, मात्र त्यातल्या काही कल्पना नव्या होत्या. शेतावरचा पंप बंद झाला. आमच्या पहारेकऱ्याचा रेडिओ बंद झाला. परवा साहेबांनी बेडकांबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्यांना नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?

एकेक आवाज बंद होत गेला, ठकठक राहिली. उलट आजूबाजूला सामसूम झाल्यावर जास्तच ठळक झाली. आणि गंमत म्हणजे, जे बंद केलं त्यातलं काहीही परत चालू झालेलं नाही. चक्की निर्दोष सुटली, तरी कोठडीतच आहे.

लिलाबाईचं म्हणणं वेगळंच. पाणी उतरायला लागलं की खालच्या गावातल्या बाया भात कांडायला बसतात, तिच्या सासूनेही हे ऐकलं होतं म्हणे. मी हसले. पण घरी येऊन दार लावताना कडी दोनदा तपासली.

तू विचारशील म्हणून एक लिहिते. जुईलीने तक्ता काढलाय. सकाळी तलाव आरशासारखा असतो तेव्हा ठकठक नसते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की सुरू होते, वारा वाढला की वाढते. फेब्रुवारीत धरणातलं पाणी बरंच उतरल्यावर पहिल्यांदा आली. तिने हे साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, कारण शोधायला आता वेळ नाही, आपण फिल्टर लावू. म्हणजे यंत्राला शिकवायचं की या जातीचा आवाज आला तर तो ऐकलाच नाही असं समज. लावला. आता हेडफोनमध्ये इतकी सुंदर शांतता येते की काय सांगू. साहेबांनी पेढे वाटले.

जुईली पेढा हातात धरून बसून राहिली. मला म्हणाली, "काकू, पण ते अजून वाजतंय ना खाली?"

परीक्षण नऊ मे रोजी. त्या दिवशी खरेदीदारांची माणसं, साहेब आणि जुईली दिवसभर तराफ्यावर असतील.

तुझी,
नलिनी

❖

रेवदंडा
१४ एप्रिल २००३

नले,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र वाचलंस की लगेच उठून तुझ्या साहेबांकडे जा.

बुडबुड्यांचं मी जे लिहिलं ते विसर. वाऱ्याबरोबर वाढतो, पाणी उतरल्यावर सुरू झाला, हे तू पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतंस, आणि मी विचारायला हवं होतं. तो आवाज तुमचाच आहे. तराफ्याच्या साखळीचा.

पाणी भरलेलं असताना साखळी ताठ असते. पाणी उतरलं की ती सैल पडते आणि तळाशी लोळते. तुझ्या तळाशी चिखल नाही, गाव आहे. जोती, भिंती, घडीव दगड. वाऱ्याने तराफा ओढला की साखळी उचलते आणि दगडावर आपटते. जिथे कड्या एकमेकींना खिळीने जोडलेल्या असतात तो सांधा असा दोन-तीन महिने आपटला की खिळी झिजते. माझ्या नोकरीत अशी एक बोया, म्हणजे पाण्यात तरंगती खूण, तुटून गेली होती, आणि तिच्यावर माणूस नव्हता म्हणून आज मी तुला हे सहज लिहितोय.

साखळ्या वर काढून बघा. एवढंच. बाकी काही नको. मे महिन्यात सह्याद्रीवरून वळवाचं वारं कसं येतं ते तुला माहीत आहे.

आणि काढणार नसतील तर तराफ्यावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असलं पाहिजे. सगळ्यांत आधी त्या मुलीच्या.

विठ्ठलदादा

❖

कातळवाडी
१ मे २००३

ती. दादा,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गेले. साहेबांनी ते शांतपणे वाचलं. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणाले.

मग त्यांनी मला हेडफोन दिला. "ऐका बाई. काही ऐकू येतंय?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाले. आवाज नाही, म्हणजे झीज नाही, म्हणजे साखळी ठणठणीत. मी म्हटलं, साहेब, तुम्ही रोग्याच्या तोंडात बोळा कोंबलाय आणि म्हणताय खोकला गेला. ते हसले. ते फार छान हसतात, दादा, तोच तर त्रास आहे. साखळी काढायची तर पाणबुडे आणायचे, तराफा किनाऱ्याला घ्यायचा, सगळी जुळणी मोडायची. परीक्षण पुढे जाईल. "परीक्षण झाल्यावर पहिलं काम तेच," म्हणाले. वहीत लिहूनही घेतलं, माझ्या समोर.

जॅकेटच्या बाबतीत मात्र मी जिंकले. भांडारप्रमुख म्हणून आदेश काढला की जॅकेट घातल्याशिवाय तराफ्यावर कुणाला सोडू नये, मग तो दिल्लीहून आलेला असो. खाली साहेबांची सही घेतली, बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात घालून. जुईलीचं जॅकेट मी स्वतः बांधून बघितलं. ती त्यात कांद्यासारखी दिसते.

भोंग्याचं अजून जमलेलं नाही. तीन कोटेशन लागतात, दोनच आली. तिसरा घोटावड्याचा माणूस पाठवतो पाठवतो म्हणतोय. शिवाय साहेब म्हणाले, परीक्षणाआधी भोंगा बसवून त्याची चाचणी घ्यायची म्हणजे पुन्हा आवाज. नंतर बघू. बरोबरच आहे म्हणा.

काल लिलाबाई फाटकाशी आली होती. लोलक मागत होती. पंधरवडा कधीच उलटून गेला म्हणाली, आता वाऱ्याचे दिवस आले. मी तिला सांगितलं, आठवडाभर थांब, परीक्षण होऊ दे, मी स्वतः आणून देते. मला त्या वेळी शंभर कामं होती, पाहुण्यांच्या जेवणापासून संडासाच्या नळापर्यंत. ती म्हणाली, "कोंडीबा दुपारचा जाळी उचलाया जातो. त्याला सांगते, काठानं ऱ्हा म्हून." आणि गेली.

माझं सगळं लक्ष त्या साखळीकडे लागलंय. आता दुपारी वारा सुटला की मी काम टाकून तराफ्याकडे बघत उभी राहते. इथून तो काड्यांच्या पेटीएवढा दिसतो. कधी कधी वाटतं, जागचा हलला. मग डोळे पुसून बघते तर तिथेच असतो.

नऊ तारीख निघून गेली की लिहिते.

नलिनी

❖

रेवदंडा
२० मे २००३

चि. नलिनी,

तुझं पत्र नाही. रोज पोस्टमनची वाट बघतोय, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मुळशी तलावात वादळी वारा, एक जण बेपत्ता. नाव नाही. मी त्या चार ओळी भिंगाखाली धरून पाहिल्या, तरी नाव नाही.

ती मुलगी आहे का? एका ओळीत कळव. पोस्टकार्ड चालेल.

दादा

❖

कातळवाडी
८ जून २००३

ती. दादा,
सा. न.

जुईली सुखरूप आहे. हे आधी लिहिते. पोस्टकार्ड घेतलं होतं. पहिल्या ओळीनंतर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून राहिलं.

साखळीबद्दल तू अक्षरशः बरोबर होतास. नऊ तारखेला जेवणं झाली आणि डोंगरामागून काळं उठलं. वारा पाण्यावर उतरताना दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. सांधा तुटला, तराफा सुटला आणि पलीकडच्या काठाकडे फिरत गेला. मी किनाऱ्यावर उभी होते. माझ्या तोंडून नुसती तुझी सगळी पत्रं येत होती, मोठ्याने. पण तराफा उलटला नाही. पलीकडे उथळ जागी चिखलात रुतला. दोन पाहुणे पाण्यात पडले, जॅकेटमुळे तरंगले, त्यांना ओढून घेतलं. सगळे वाचले. त्या संध्याकाळी मनीषसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अंगात अजून जॅकेट होतं. मी जुईलीच्या जॅकेटच्या गाठी सोडत होते, त्या ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. सुटलो. रात्री मी चक्क जेवले.

कोंडीबा आला नाही, हे सकाळी कळलं.

तो दुपारी जाळी उचलायला गेला होता. काठाने राहतो म्हणाला होता, पण मासा काठाला नव्हता. डोंगराकडे त्याची पाठ होती. वाऱ्याची चाहूल लागताच वाडीतली माणसं सवयीने घंटेकडे धावली होती, दादा. दोरी ओढली. घंटा नुसती हलली. मग त्यांनी दगडाने वाजवून पाहिली, हाका मारल्या, थाळ्या बडवल्या. त्या वाऱ्यात थाळीचा आवाज कुठवर जाणार? होडी पालथी सापडली. तो दोन दिवसांनी सापडला.

आपण दोघं साखळीकडे बघत राहिलो. घंटेचं मी तुला विनोद म्हणून लिहिलं आणि तूही त्यावर विनोद करून पाठवलास. मी तुला दोष देत नाही. तुझ्याकडे घंटेचं पत्र होतं, माझ्याकडे घंटाच होती.

आता पुढचं. परीक्षण यशस्वी झालं. खरेदीदारांनी लिहून दिलं की पार्श्वभूमीवरची शांतता अतिशय समाधानकारक. चौकशीत निसर्ग दोषी ठरला, तो हजर नव्हता. तराफ्याला नव्या साखळ्या आल्या. साहेबांना उरवड्याला वरची खुर्ची मिळाली. जाताना त्यांनी माझी शिट्टी परत दिली. ती मी अजून कुकरला लावलेली नाही.

जुईलीने नोकरी सोडली. जायच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, काकू, एक ऐकता? तराफा वाहत गेला तेव्हा खाली लोंबणारे कान पाण्यातच होते आणि नोंद चालू होती. परीक्षणात जे ऐकलं ते फिल्टर लावून. पण यंत्र मूळ आवाजही वेगळा साठवतं. तो तिने एकटीने ऐकला होता.

मी हेडफोन लावला. आधी आपली ओळखीची ठकठक, वेडीवाकडी, वाढत जाणारी. मग एक मोठा आवाज आणि शांतता. "ही साखळी तुटली," जुईली म्हणाली. साखळी तळाला गेली. आता ठकठक यायचं काही कारण उरलं नव्हतं.

आणि मग ती आली. लांबून. लाकडावर लाकूड. तीन. थांबून पुन्हा तीन.

पालथ्या होडीला धरून तो वल्ह्याने ठोकत होता. त्याच जातीचा आवाज, दादा, त्यामुळे फिल्टरने तो वेचून बाजूला टाकला. तराफ्यावर त्या वेळी जिवाच्या भीतीनेसुद्धा एकाने कानाचा हेडफोन काढला नव्हता, त्याला स्वच्छ पाणी ऐकू येत होतं. जुईली म्हणाली, हे बराच वेळ चालतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये उठावंसं वाटलं, उठले नाही.

काल मी भांडार उघडलं. गेटपासशिवाय साधा स्क्रू फाटकाबाहेर जाऊ न देणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. लोलक पदरात गुंडाळला आणि बाहेर पडले. पहारेकऱ्याने बघितलं आणि परीक्षणानंतर पुन्हा सुरू झालेल्या रेडिओचा आवाज कमी केला, इतकंच.

लिलाबाई ओसरीवर जाळं सोडवत बसली होती. मला बस म्हणाली नाही. बराच वेळ तिचे हात चालत राहिले. मग वर न बघता तिने विचारलं, "बाई, तुमच्या यंतराला पान्यातलं समदं ऐकू येतं म्हनं. त्या दिशी आमच्या मानसाचं काय ऐकू आलं का?"

माझ्याकडे उत्तरं होती. चौकशी पूर्ण झाली आहे. नोंदी कंपनीच्या मालकीच्या आहेत. मला तांत्रिक समजत नाही. मी सगळी घरून तयार करून नेली होती, इस्त्री करून.

"आलं," मी म्हटलं. "तीन टोले. मग थांबून तीन. बराच वेळ."

तिचे हात थांबले.

"मंजी त्यो घंटाच वाजवत हुता," ती म्हणाली. "आमी न्हाई वाजवली, म्हून त्यानं."

ती घरात गेली आणि स्टूल घेऊन आली. आम्ही दोघी खाली पाण्याकडे गेलो. तिने स्टूल धरलं, मी चढले. लोलकाच्या कडीत तार ओवायला माझ्या बोटांना बराच वेळ लागला. ती खालून स्टूल घट्ट धरून होती. बांधून झाल्यावर खाली उतरले. नीट बसला का ते बघावं म्हणून मी दोरीला हात घातला.

तिने माझं मनगट धरलं.

"आता नगं," म्हणाली. "वारं न्हाई."

तुझी,
नलिनी